नोंदवहीत शिरलेला हुकूम

मे महिन्यात आमच्या गोंडपिपरी तालुक्यातील गावोगावी तेंदूपानांची फळी लागते. पहाटेच जंगलात गेलेली माणसे पाने घेऊन घरी येतात, सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि ते फळीवर नेऊन देतात. तेथे दिवाणजी वही उघडून बसलेला असतो. पुडे आणणाऱ्याचे नाव आणि पुड्यांची संख्या तो लिहून घेतो. आता समजा, एखाद्याने थट्टेने आपले नाव 'पेटी उघड आणि मला शंभर रुपये दे' असे सांगितले. दिवाणजी हसेल किंवा रागावेल, फार तर तेच वहीत लिहून ठेवील. पण पेटी काही उघडणार नाही. नाव निराळे आणि हुकूम निराळा, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

संगणकाला मात्र ते शिकवावे लागते. शिकवताना थोडी जरी कसूर झाली, तर काय घडते याचे मोठे उदाहरण डिसेंबर २०२१ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. नोंदी लिहिण्याचे साधे काम करणारा 'लॉग-फोर-जे' नावाचा एक लहानसा घटक जगभरच्या असंख्य संगणकांत बसवलेला होता. 'नाव' म्हणून आलेला मजकूर तो हुकूम समजून पाळू शकतो, असे उघडकीस आले. या प्रकारच्या दोषाला संगणकशास्त्रात 'रिमोट कोड एक्झिक्यूशन' म्हणतात. दूर कोठेतरी बसलेल्या परक्या माणसाने आपल्या संगणकाकडून स्वतःच्या आज्ञा राबवून घेणे, असा त्याचा अर्थ. हे कसे शक्य होते, ते आज आपण पाहू.

६५ म्हणजे काय?

प्रथम एक मूलभूत गोष्ट समजून घ्या. संगणकाच्या स्मृतीत फक्त संख्या असतात. स्मृतीच्या एका घरात ६५ ही संख्या आहे असे समजा. तिचा अर्थ काय? ती एखाद्या विद्यार्थ्याचे गुण असू शकेल. अक्षरांच्या प्रचलित संकेतानुसार ६५ म्हणजे इंग्रजी वर्णमालेतील मोठ्या लिपीतला 'ए'. आणि आमच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे शिकवल्या जाणाऱ्या ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाला तीच ६५ आज्ञा म्हणून दिली, तर तो 'सी' या कप्प्यातील संख्या उचलून 'बी' या कप्प्यात ठेवील. संख्या तीच, घर तेच. तिला गुण समजायचे, अक्षर समजायचे की आज्ञा समजायची, हे त्या संख्येवर कोठेही लिहिलेले नसते. ते ठरते वाचणाऱ्यावरून.

माहिती आणि आज्ञा एकाच स्मृतीत ठेवण्याची ही कल्पना १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांच्या अहवालातून प्रसिद्ध झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात बनलेला संगणकही याच तत्त्वावर चाले. त्याच्या स्मृतीत अवघ्या २०४८ शब्दांची जागा होती आणि तेवढ्यात आज्ञावली व आकडे दोन्ही बसवावे लागत. कल्पना अतिशय सोयीची होती यात शंका नाही. तिच्यामुळेच एकच यंत्र सकाळी पगारपत्रक करते आणि दुपारी हवामानाचे गणित सोडवते. पण सोयीबरोबर एक धोकाही आला, तो असा की, जे माहिती म्हणून आत आले ते आज्ञा म्हणून वाचले जाण्याची वाट कायमची खुली राहिली.

वर्गात हा भाग शिकवला की हमखास कोणीतरी विचारतो, "सर, मग दोन्हींसाठी वेगवेगळी स्मृती का ठेवत नाहीत?" प्रश्न अगदी योग्य आहे. काही यंत्रांत तशी ती ठेवतातही. लहानसहान उपकरणांत बसवला जाणारा ८०५१ हा सूक्ष्मनियंत्रक आज्ञावलीची स्मृती निराळी आणि माहितीची निराळी ठेवतो. आजच्या मोठ्या प्रक्रियकांतही स्मृतीच्या एखाद्या भागावर 'येथील मजकूर आज्ञा म्हणून चालवू नये' अशी खूण करता येते. परंतु लॉग-फोर-जेच्या बाबतीत या कुंपणाचा काहीही उपयोग झाला नाही. का, ते पुढे येईलच.

शिट्टीने उघडलेले कुलूप

हा गोंधळ फक्त संगणकाचा आहे असे समजू नका. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल असे त्याचे एक जुने उदाहरण टेलिफोनचे आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात दोन शहरांमधील टेलिफोनची लांब पल्ल्याची तार मोकळी असली, की तिच्यातून दर सेकंदाला २६०० कंपनांचा एक सूर सतत वाहत असे. हा सूर ऐकू आला की पलीकडचे यंत्र समजे, 'तार रिकामी आहे.' खोच येथेच आहे. माणसांचे बोलणेही त्याच तारेतून जाई. म्हणजे बोलणे ही माहिती आणि सूर ही आज्ञा. दोघांची वाट एकच.

मग व्हायचे ते झाले. बोलता बोलता कुणी बरोबर २६०० कंपनांची शिट्टी वाजवली, की पलीकडचे यंत्र संभाषण संपले असे समजून पुढच्या हुकमाची वाट पाहू लागे. त्यानंतर ठरावीक सूर वाजवून फुकटात कोठेही फोन जोडता येई. 'कॅप्टन क्रंच' नावाच्या न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यात मुलांसाठी एक खेळण्यातली शिट्टी मिळे. तिच्यातून नेमका हाच सूर निघतो असा शोध काही चौकस मंडळींना लागला आणि ती शिट्टी प्रसिद्धीस आली! कंपनीला यावर एकच खरा इलाज सापडला. १९७६ पासून तिने हुकमांसाठी वेगळी तार वापरायला सुरुवात केली. बोलणाऱ्याच्या तारेत कितीही शिट्ट्या वाजवा, त्या आता नुसत्या शिट्ट्याच राहिल्या.

आता आपल्या नोंदवहीकडे येऊ.

लॉग-फोर-जेने नेमके केले काय?

तुम्ही मोबाइलवर निकाल पाहता, बसचे तिकीट काढता किंवा सातबारा उघडता, तेव्हा दूरच्या एका संगणकाला तुमची विनंती जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. प्रत्येक चांगला सर्व्हर रोजनिशी ठेवतो. किती वाजता कोण आले, काय मागितले, कोणता ब्राउझर वापरला, परवलीचा शब्द चुकला काय, अशा नोंदी तिच्यात होत असतात. बिघाड शोधायला आणि चोर पकडायला या नोंदी लागतात. आपल्या देशात तर २०२२ च्या सरकारी निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवणे संस्थांना बंधनकारक झाले आहे.

जावा या भाषेत आज्ञावली लिहिणारे लोक हे रोजनिशीचे काम स्वतः लिहीत बसत नाहीत. तयार घटक आणून बसवतात. त्यांतील सर्वांत लोकप्रिय घटक लॉग-फोर-जे. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली थोडे स्वयंसेवक तो सांभाळतात आणि तो सर्वांना फुकट मिळतो.

या घटकात एक सोय होती. नोंदीच्या मजकुरात डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे महिरपी कंस आला, की कंसातील शब्द जसाच्या तसा न लिहिता त्याचा अर्थ शोधून तो लिहायचा. उदाहरणार्थ, कंसात 'आजची तारीख' अशा अर्थाची खूण असेल तर प्रत्यक्ष तारीख लिहायची. येथवर ठीक होते. पण २०१३ साली या सोयीत आणखी एक भर पडली. कंसातील शब्दाचा अर्थ दुसऱ्या संगणकावरील सूचीला विचारूनही आणता येईल, अशी ती भर. जावाची ही सूची विचारण्याची पद्धत 'जेएनडीआय' या नावाने ओळखली जाते. तिच्यातून केवळ शब्दाचा अर्थ मिळतो असे नाही. 'अमुक ठिकाणी एक तयार आज्ञावली ठेवली आहे, ती घेऊन ये आणि चालव' असे उत्तरही मिळू शकते.

आमच्या दिवाणजीच्या भाषेत सांगतो. ठेकेदाराने त्याला नियम घालून दिला: 'कुणी नाव सांगताना कंस करून एखाद्या घराचा पत्ता सांगितला, तर त्या घरी जा, तेथील चिठ्ठी घे आणि चिठ्ठीत असेल ते कर.' हा नियम ठेकेदाराने स्वतःच्या सोयीसाठी केला असेल. पण कंस करून नाव सांगायला कुणालाच बंदी नव्हती! मग चोराने आपल्याच घराचा पत्ता सांगितला. दिवाणजी मुकाट्याने त्याच्या घरी गेला, चिठ्ठी वाचली आणि परत येऊन पेटी उघडून दिली.

येथे तीन गोष्टी बारकाईने पाहा. पहिली, चोराला परवलीचा शब्द लागला नाही. उलट चुकीचे नाव टाकले की त्याचीही नोंद होते, आणि नोंद होणे एवढेच त्याला हवे होते. ब्राउझरचे नाव तर पाहुणा स्वतःच सांगतो. तेथेही हा मजकूर लिहिता येई. 'माइनक्राफ्ट' हा खेळ तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्याच्या जावा आवृत्तीत गप्पांच्या चौकटीत असा एक संदेश टाकणे पुरेसे होते, कारण गप्पांचीही नोंद होत असे.

दुसरी गोष्ट, चोर दरवाजातून आत घुसला नाही. घरातला नोकरच बाहेर जाऊन चिठ्ठी घेऊन आला. बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी भिंत बहुतेकांनी उभारली होती. आपलाच सर्व्हर भलत्या पत्त्यावर का चालला आहे, हे विचारणारा पहारेकरी फार थोड्यांकडे होता.

तिसरी गोष्ट म्हणजे मघाच्या प्रश्नाचे उत्तर. स्मृतीवर 'हे चालवू नये' अशी खूण करूनही येथे उपयोग झाला नाही, याचे कारण कोणताही नियम मोडलाच गेला नव्हता. प्रक्रियकाच्या दृष्टीने सारे रीतसर चालले होते. लॉग-फोर-जेला सूची विचारण्याची परवानगी होती, जावाला आज्ञावली आणून चालवण्याची परवानगी होती. जावाच्या नंतरच्या आवृत्त्यांत परक्या ठिकाणची आज्ञावली सरळ आणण्याची वाट आधीच बंद केलेली होती हे खरे. पण तिला वळसा घालण्याच्या युक्त्याही निघाल्या. कुंपण शाबूत असताना फाटकाची किल्लीच वाटली गेली, तर कुंपणाला दोष देऊन काय उपयोग?

डिसेंबरचे ते दिवस

हा दोष प्रथम चेन झाओजून या चिनी संशोधकाच्या लक्षात आला. तो अलिबाबा कंपनीच्या क्लाउड विभागात सुरक्षेचे काम करीत होता. त्याने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अपाचीच्या मंडळींना खाजगीत कळवले. हीच योग्य रीत आहे: आधी बनवणाऱ्याला सांगायचे, त्याला दुरुस्तीला वेळ द्यायचा आणि मग जगाला. दुरुस्ती सुरू झाली. पण ९ डिसेंबरला गोष्ट फुटली आणि काही तासांतच जगभरचे सर्व्हर चाचपून पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. दोषाची तीव्रता मोजण्याचे एक कोष्टक आहे. त्यात याला १० पैकी १० गुण मिळाले. परीक्षेत मिळाले असते तर पेढे वाटले असते!

दुसऱ्याच दिवशी २.१५ ही दुरुस्त आवृत्ती लोकांच्या हाती आली. ती पुरेशी नाही असे कळले, म्हणून १३ डिसेंबरला २.१६ आली. तिच्यातही एक निराळा दोष निघाला, म्हणून आठवडा संपण्याच्या आत २.१७. या धावपळीवर काहींनी टीका केली. मला ती टीका रास्त वाटत नाही. ज्या घटकावर मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार उभा होता, तो सांभाळणारे स्वयंसेवक आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्री जागत होते, आणि फुकट वापरणाऱ्या कंपन्यांपैकी बहुतेकांनी त्यांची त्याआधी कधी विचारपूसही केली नव्हती.

कॅनडातील क्वेबेक प्रांताने खबरदारी म्हणून सुमारे चार हजार सरकारी संकेतस्थळे बंद ठेवली आणि एकेक तपासून पुन्हा उघडली. बेल्जियमच्या संरक्षण खात्याच्या जाळ्यात याच दोषातून शिरकाव झाल्याचे त्या महिन्यातच जाहीर झाले. आपल्याकडे 'सर्ट-इन' ही संस्था २००४ पासून असे इशारे देण्याचे काम करते. तिनेही डिसेंबर २०२१ मध्ये सर्वांना सावध केले.

असा शिरकाव झाल्यावर पुढे काय होऊ शकते? त्यासाठी परदेशात जायला नको. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. लॉग-फोर-जेचा दोष उघड होण्याच्या तीन वर्षे आधीची ती घटना आहे. शिरकाव कसा झाला याकडे न पाहता नंतर काय घडले तेवढेच पाहा. एटीएमवर कार्ड घातले की पैसे द्यायचे की नाही, अशी विचारणा 'स्विच' नावाच्या संगणकाकडे जाते आणि तो बँकेला विचारून उत्तर देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी या व्यवस्थेत परकी आज्ञावली घुसवली आणि बँकेला न विचारताच 'होय, द्या' अशी उत्तरे परस्पर जाऊ लागली. ११ ऑगस्ट या एकाच दिवशी बनावट कार्डांनी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. कोठे तिजोरी फुटली नाही, एटीएमचा पत्रा वाकला नाही. यंत्रांनी हुकूम पाळला, एवढेच. हुकूम मालकाचा नव्हता.

घटकाच्या पोटात घटक

लॉग-फोर-जेची दुरुस्ती आठवड्यात निघाली, मग प्रश्न मिटला नाही का? नाही, आणि याचे कारण मोठे मजेदार आहे. अनेक कचेऱ्यांना आपल्याकडे हा घटक आहे हेच माहीत नव्हते. त्यांनी तो कधी विकत घेतलाच नव्हता. त्यांनी घेतली होती एखादी हिशेबाची आज्ञावली. तिच्यात शोध घेणारा एक घटक, त्या घटकात दुसरा, आणि दुसऱ्याच्या पोटात लॉग-फोर-जे. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल अशी सामग्री छापलेली असते. आज्ञावलीच्या पुड्यावर काही छापायची पद्धत नव्हती. या प्रकरणानंतर अशा घटक-यादीचा आग्रह जगभर वाढला. सर्ट-इननेही २०२४ साली त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अमेरिकेच्या सरकारी समितीने जुलै २०२२ च्या अहवालात हा दोष निरनिराळ्या संगणकांत दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ टिकून राहील असे म्हटले आहे.

शिक्षकांसाठी येथे एक सूचना. शाळेचे किंवा महाविद्यालयाचे संकेतस्थळ एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने किंवा बाहेरच्या माणसाने बनवून दिलेले असते, आणि तो गेल्यावर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्यात कोणकोणते घटक बसवले आहेत आणि प्रत्येकाची आवृत्ती कोणती, एवढी एक पानाची यादी तरी बनवून घेऊन कपाटात ठेवावी. दुरुस्ती करायची वेळ येईल तेव्हा त्या एका पानाची किंमत कळेल.

विद्यार्थ्यांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर असे मजकूर टाकून 'काय होते बघू' असे करणे हा प्रयोग नव्हे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रयोग करायचा तर आपल्याच संगणकावर करावा, आणि त्यासाठी लॉग-फोर-जेची गरजही नाही.

तुमच्यापैकी जे पायथन शिकतात त्यांनी बेरीज-गुणाकार करणारी छोटी आज्ञावली लिहिली असेल. काही जण तिच्यात 'इव्हॅल' हे फलन वापरतात. वापरणाऱ्याने २+३ असे लिहिले की लगेच ५ मिळतात, म्हणून ते आवडते. पण इव्हॅल समोर आलेला मजकूर पायथनची आज्ञा समजून चालवते. वापरणाऱ्याने २+३ ऐवजी फाइल पुसण्याची आज्ञा लिहिली तर तीही चालेल. त्याऐवजी आलेल्या मजकुराचे 'इंट' या फलनाने संख्येत रूपांतर करा. मजकूर पूर्णांक संख्येचा नसेल तर इंट चूक दाखवून थांबते. पाळायला ते काही जात नाही. टेलिफोन कंपनीने वेगळी तार टाकली, तिचाच हा धाकटा भाऊ.

दुसरा प्रयोग तर आज्ञावली लिहिता न येणाऱ्यांनाही करता येईल. शाळेच्या संगणकावर नोटपॅड उघडा. एका ओळीत एक याप्रमाणे चार मित्रांची नावे लिहा आणि पाचव्या ओळीत नावाच्या जागी बरोबरचे चिन्ह, सात, गुणाकाराची तारका आणि आठ एवढेच लिहा. अंक इंग्रजी घ्या. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन 'सीएसव्ही' ही इंग्रजी अक्षरे घाला, 'सेव्ह ॲज टाइप' मध्ये 'ऑल फाइल्स' निवडून ती जपून ठेवा आणि एक्सेलमध्ये उघडा. चार ओळींत नावे दिसतील. पाचव्या ओळीत तुम्ही लिहिलेला मजकूर दिसणार नाही. तेथे ५६ असेल. आता एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत तोच मजकूर पुन्हा लिहा, पण या वेळी सर्वांत आधी एकेरी अवतरणचिन्ह द्या, आणि काय फरक पडतो तो पाहा.